विद्यापीठांच्या इमारती आणि महसुली कर्जरोखे

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली. परंतु स्वतःचे दीक्षान्त सभागृह लाभण्यासाठी या विद्यापीठाला १८७४ पर्यंत, म्हणजे सतरा वर्षे, वाट पाहावी लागली. या सभागृहासाठी सर कावसजी जहांगीर यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली होती. ग्रंथालय आणि त्यावरील मनोरा यांसाठी प्रेमचंद रायचंद यांनी चार लाख रुपये दिले. दात्याच्या मातोश्रींचे नाव धारण करणारा राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्या काळी विद्येच्या वास्तू उभ्या राहण्याचा प्रमुख मार्ग दानशूरांच्या औदार्यातून जात होता.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठास गणेशखिंडीतील जुन्या राजभवनाची वास्तू मिळाली. १९५६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला कायद्याचे अधिष्ठान लाभले. प्रयोगशाळा, ग्रंथालये आणि वसतिगृहे यांसाठी केंद्र व राज्य शासनांची अनुदाने मिळू लागली. दान आणि अनुदान या दोन्ही मार्गांचा एक समान गुण असा की, इमारत पूर्ण झाली म्हणजे तिच्या बांधकामाचा हिशेबही संपतो. पुढे येणाऱ्या विद्यार्थ्यावर त्याचे देणे राहत नाही.

तिसरा मार्ग कर्जाचा आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सार्वजनिक विद्यापीठांनी गेल्या शतकात या मार्गाचा फार मोठ्या प्रमाणावर अवलंब केला. तेथे वसतिगृहे, खाणावळी, वाहनतळ, क्रीडागारे आणि पुढे प्रयोगशाळासुद्धा महसुली कर्जरोख्यांच्या आधारे बांधण्यात आल्या. भारतातही २०१७ पासून उच्च शिक्षणसंस्थांच्या बांधकामासाठी कर्जाचा पर्याय पुढे आला आहे. अशा वेळी ही पद्धती नेमकी काय आहे, ती कोठे उपयोगी पडते आणि तिच्यातील धोके कोणते, हे समजून घेणे शिक्षणक्षेत्रातील आणि स्थानिक प्रशासनातील कार्यकर्त्यांना उपयुक्त ठरेल.

महसुली रोखे म्हणजे काय?

सार्वजनिक संस्था रोखे विकून कर्ज उभारते तेव्हा त्या रोख्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार संभवतात. पहिल्या प्रकारात कर्जाच्या पाठीशी शासनाची संपूर्ण करशक्ती उभी असते. ठरलेल्या मार्गाने पैसा जमला नाही तर कर वाढवून का होईना, रोखेधारकाचे देणे फेडले जाईल, असे वचन त्यात असते. यांना सर्वसाधारण दायित्वाचे रोखे म्हणता येईल.

दुसरा प्रकार महसुली रोख्यांचा. यात ज्या कामासाठी कर्ज घेतले त्या कामापासून, किंवा करारात नमूद केलेल्या विशिष्ट उत्पन्नापासूनच, मुद्दल व व्याज फेडावयाचे असते. पुलाचा पथकर, पाणीपुरवठ्याची पट्टी, वसतिगृहाचे भाडे ही अशा उत्पन्नाची उदाहरणे होत. इमारत स्वतः सहसा गहाण पडत नाही. तारण असते ते तिच्या उत्पन्नाचे. उत्पन्न कमी पडले तर रोखेधारकास करदात्याकडे दाद मागता येत नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात अणुवीज केंद्रांसाठी काढलेल्या रोख्यांच्या बाबतीत १९८३ मध्ये हाच कटू अनुभव आला. दोन केंद्रे अर्धवट राहिली आणि सुमारे सव्वादोन अब्ज डॉलरांचे रोखे बुडीत निघाले.

हा धोका रोखेधारक जाणून असतो. म्हणूनच महसुली रोख्यांच्या करारात अनेक अटी घातल्या जातात. जमा होणारे उत्पन्न प्रथम स्वतंत्र खात्यात भरावे, त्यातून देखभालीचा खर्च भागवून कर्जाचा हप्ता बाजूला काढावा, काही रक्कम राखीव निधीत ठेवावी आणि त्यानंतर उरेल तेवढेच अन्य कामास वापरावे, असा क्रम ठरविलेला असतो. या सर्वांवर देखरेख ठेवण्यासाठी विश्वस्त नेमला जातो. त्याचबरोबर दराविषयीची एक महत्त्वाची अट असते. उत्पन्न पुरेसे होईल एवढे भाडे किंवा शुल्क आकारण्याचे बंधन संस्था स्वतःवर घालून घेते. ही अट वरवर साधी दिसते. परंतु तिचा अर्थ असा होतो की, भविष्यातील शुल्कवाढीचा निर्णय काही अंशी आजच घेतला जातो.

या पद्धतीचा उगम

अमेरिकेतील राज्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कालवे, लोहमार्ग आणि बँका यांसाठी सढळ हाताने कर्जे काढली होती. १८३७ नंतरच्या मंदीत ती फेडता येईनात. १८४१-४२ मध्ये आठ राज्यांनी आणि फ्लोरिडा या प्रदेशाने आपली देणी थकविली. त्याची प्रतिक्रिया म्हणून अनेक राज्यांनी आपल्या घटनांमध्येच कर्जावर मर्यादा घातल्या. ठराविक रकमेपलीकडे कर्ज काढावयाचे तर मतदारांची संमती घेणे बंधनकारक झाले.

पुढे नगरांची वाढ होऊ लागली तेव्हा या मर्यादा जाचक वाटू लागल्या. वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन नगराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रकरणात १८९५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा दृष्टिकोन मान्य केला. केवळ पाणीपट्टीच्या स्वतंत्र निधीतून फेडावयाचे देणे हे घटनेने मर्यादित केलेले नगराचे कर्ज नव्हे, असे ठरले. महसुली रोख्यांच्या प्रसाराला या विशेष निधीच्या तत्त्वाने वाट करून दिली.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात येते. महसुली रोख्यांचा एक मोठा फायदा असा सांगितला जातो की, त्यांना सहसा मतदारांची संमती लागत नाही. ज्या निर्बंधामुळे जनतेला कर्जाविषयी बोलण्याचा अधिकार मिळाला होता, तो निर्बंध या मार्गाने बाजूस राहतो. सोय आणि जोखीम या दोहोंचे मूळ येथेच आहे.

वसतिगृहापासून प्रारंभ

विद्यापीठांच्या बाबतीत या पद्धतीला विशेष चालना मिळाली ती १९३०च्या दशकातील महामंदीत. जून १९३३ मध्ये अमेरिकेत सार्वजनिक बांधकाम प्रशासन स्थापन झाले. बेकारांना काम मिळावे म्हणून बांधकामाच्या खर्चाचा काही भाग अनुदान म्हणून आणि उरलेला कर्ज म्हणून देण्यात येई. प्रारंभी मजुरी व साहित्याच्या खर्चाच्या ३० टक्के असलेले हे अनुदान १९३५ मध्ये ४५ टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आले. कर्जाच्या भागासाठी संस्थांचे महसुली रोखे केंद्रीय प्रशासन स्वतः विकत घेई. घटनेतील मर्यादांमुळे ज्या राज्यांना कर्ज काढता येत नव्हते त्यांना महसुली रोख्यांचे कायदे करण्यास उत्तेजन देण्यात आले.

दुसरे महायुद्ध संपल्यानंतर प्रश्न अधिक तीव्र झाला. १९४४ च्या कायद्यान्वये परतलेल्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च मिळू लागला आणि १९४७ मध्ये महाविद्यालयांतील जवळजवळ निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते. त्यांना राहण्यास जागा नव्हती. १९५० च्या गृहनिर्माण कायद्याने महाविद्यालयीन वसतिगृहांसाठी ३० कोटी डॉलरांचा कर्जनिधी मंजूर केला. कर्जाची मुदत चाळीस वर्षांपर्यंत असे. पुढे खाणावळी आणि विद्यार्थी-भवने यांचाही या योजनेत समावेश झाला.

आरंभ वसतिगृहापासून व्हावा यात एक सुसंगती होती. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी तसेही कोठेतरी भाडे देणारच असतो. ते भाडे खाजगी घरमालकाला न देता विद्यापीठाला दिले की त्यातूनच इमारत उभी राहते. जो लाभ घेतो तोच मोल देतो. जो घेत नाही त्याच्यावर भार पडत नाही. एवढ्या मर्यादेत महसुली रोखे हे अत्यंत न्याय्य साधन आहे.

आणखी एका गोष्टीने या रोख्यांना आधार दिला. अमेरिकेत १९१३ मध्ये केंद्रीय प्राप्तिकर लागू झाला तेव्हापासून राज्ये आणि स्थानिक संस्था यांच्या रोख्यांवरील व्याज सामान्यतः त्या करातून मुक्त ठेवण्यात आले. त्यामुळे गुंतवणूकदार कमी व्याजावरही असे रोखे घेण्यास तयार होतात. म्हणजे विद्यापीठाला स्वस्त कर्ज मिळते त्यामागे केंद्रीय तिजोरीने सोडून दिलेला कर असतो. हे एक प्रकारचे अप्रत्यक्ष अनुदानच होय.

हिशेबाचे एक उदाहरण

या पद्धतीचे मर्म एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, एका विद्यापीठाने पाचशे विद्यार्थ्यांसाठी दहा कोटी रुपयांचे वसतिगृह बांधले आणि ती सर्व रक्कम वीस वर्षांच्या मुदतीने, दरसाल दर शेकडा आठ व्याजाने उभी केली. मुद्दल आणि व्याज मिळून वर्षाचा समान हप्ता सुमारे १ कोटी १ लाख ८५ हजार रुपये येईल. सर्व खोल्या भरल्या तर प्रत्येक विद्यार्थ्यामागे कर्जापोटी वर्षाला सुमारे २०,३७० रुपये पडतील. झाडलोट, वीज, पाणी, पहारा आणि दुरुस्ती यांचा खर्च त्याहून निराळा.

परंतु रोखेधारक एवढ्यावर समाधान मानीत नाही. खर्च वजा जाता उरणारे उत्पन्न हप्त्याच्या निदान सव्वापट असावे, अशी अट अनेकदा घातली जाते. ती पाळावयाची तर प्रत्येक विद्यार्थ्याकडून कर्जापोटी सुमारे २५,४६० रुपये मिळाले पाहिजेत. ही जादा रक्कम निरर्थक नसते. एखाद्या वर्षी पाचशेऐवजी चारशेच विद्यार्थी आले तरी तेवढ्या दरात हप्ता जेमतेम भागतो. मात्र पहारा आणि दुरुस्ती यांचा खर्च खोल्या रिकाम्या राहिल्याने कमी होत नाही, हे लक्षात घेतले तर हे संरक्षण कागदावर दिसते तेवढे भक्कम नाही, असेच म्हणावे लागेल.

मुदत तीस वर्षांची केली तर वार्षिक हप्ता ८८ लाख ८३ हजार रुपयांवर येतो. विद्यार्थ्यामागील भार सुमारे १७,७७० रुपये होतो. वाचणारी ही रक्कम आकर्षक वाटते. परंतु वीस वर्षांच्या मुदतीत एकूण २० कोटी ३७ लाख रुपये फेडावे लागले असते, ते आता २६ कोटी ६५ लाख होतात. मुदत वाढविणे म्हणजे आजच्या विद्यार्थ्याचा भार हलका करून तो उद्याच्या विद्यार्थ्याच्या खांद्यावर ठेवणे होय. इमारतीचे उपयुक्त आयुष्य जेवढे, त्याहून कर्जाची मुदत अधिक नसावी, हा या विषयातील जुना आणि शहाणपणाचा नियम आहे.

कमावती आणि न कमावती इमारत

वसतिगृह भाडे मिळविते. ग्रंथालय मिळवीत नाही. वाहनतळाला शुल्क लावता येते. तत्त्वज्ञानाच्या वर्गाला दारावर तिकीट लावता येत नाही. विद्यापीठाचे खरे कार्य ज्या इमारतींतून चालते त्याच इमारती बहुधा न कमावत्या असतात. अशा इमारतींसाठी महसुली रोखे काढावयाचे झाल्यास उत्पन्न दुसरीकडून आणावे लागते. त्यासाठी दोन मार्ग वापरले जातात.

पहिला मार्ग भाडेपट्ट्याचा. एखादे सार्वजनिक मंडळ रोखे काढून इमारत बांधते, विद्यापीठाला ती भाड्याने देते आणि शासन दरवर्षी अर्थसंकल्पातून ते भाडे भरते. कॅलिफोर्निया राज्याने अशी भाडेपट्ट्यावर आधारित रोखेपद्धती शैक्षणिक इमारतींसाठी वापरली आहे. येथे रोखे नावाने महसुली असले तरी अखेर पैसा करदात्याचाच असतो.

दुसरा मार्ग असा की, विद्यापीठाने एका इमारतीचे नव्हे तर आपले बहुतेक सर्व उत्पन्न एकत्रितपणे तारण ठेवावयाचे. तारण विस्तृत झाले की पतमापन संस्था चांगली श्रेणी देतात आणि व्याजाचा दर उतरतो. मात्र या एकत्रित उत्पन्नात विद्यार्थ्यांचे शिक्षणशुल्क हा मोठा घटक असतो. येथे प्रश्न केवळ हिशेबाचा राहत नाही. तो शिक्षणाच्या धोरणाचा होतो.

कॅलिफोर्नियाचा अनुभव

या दृष्टीने कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अनुभव उद्बोधक आहे. १९६० च्या उच्च शिक्षण बृहत् आराखड्याने या राज्यात तेथील रहिवासी विद्यार्थ्यांकडून शिक्षणशुल्क न घेण्याचे तत्त्व पुन्हा मान्य केले होते. शैक्षणिक इमारतींचा खर्च प्रामुख्याने राज्य उचलीत असे आणि त्यासाठीच्या सर्वसाधारण दायित्वाच्या रोख्यांना मतदारांची संमती घेतली जाई. नोव्हेंबर २००६ मध्ये मतदारांनी शाळा, महाविद्यालये व विद्यापीठे यांच्या इमारतींसाठी सुमारे १० अब्ज ४० कोटी डॉलरांच्या रोख्यांना मान्यता दिली. त्यानंतर मार्च २०२० मध्ये मांडलेला १५ अब्ज डॉलरांचा प्रस्ताव मात्र मतदारांनी नामंजूर केला.

दरम्यान विद्यापीठाने स्वतःच्या पतीवर कर्ज उभारण्याची व्यवस्था विस्तृत केली होती. २००३ पासून सर्वसाधारण महसुली रोखे काढण्यात येऊ लागले. त्यांच्या तारणात विद्यार्थ्यांचे शुल्क, संशोधन प्रकल्पांतून मिळणारी व्यवस्थापन-खर्चाची भरपाई आणि अन्य सेवांचे उत्पन्न यांचा समावेश होता. राज्याचे अनुदान आणि रुग्णालयांचे उत्पन्न त्यातून वगळलेले होते.

२००८ च्या आर्थिक संकटानंतर राज्याने अनुदानात कपात केली. नोव्हेंबर २००९ मध्ये विद्यापीठाच्या रीजंट्स मंडळाने शुल्कात ३२ टक्के वाढ मंजूर केली आणि रहिवासी विद्यार्थ्याचे वार्षिक शुल्क दहा हजार डॉलरांच्या पुढे गेले. त्याच सुमारास प्राध्यापकांच्या संघटनांनी एक आक्षेप मांडला. राज्याच्या अनुदानावर कर्ज काढता येत नाही. शुल्कावर मात्र काढता येते. त्यामुळे अनुदानापेक्षा शुल्क हे विद्यापीठाला अधिक सोयीचे उत्पन्न वाटू लागेल आणि शुल्क वाढविण्याची शक्ती हीच पतीचा आधार ठरेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. विद्यापीठाचे म्हणणे असे की, शुल्क तारणात असणे म्हणजे ते बांधकामावर खर्च होणे नव्हे. प्रत्यक्ष फेड त्या त्या प्रकल्पाच्या उत्पन्नातून होते, आणि विस्तृत तारणामुळे व्याज वाचून विद्यार्थ्यांचाच लाभ होतो.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तारण म्हणजे खर्च नव्हे, हे खरे. परंतु तारणाची आठवण प्रकल्प चालतो तेव्हा होत नाही. तो फसतो तेव्हा होते. प्रकल्प फसल्यास कोणाच्या पैशाला हात लागेल, या प्रश्नाचे उत्तर करारात लिहून ठेवलेले असते आणि ते करार होण्यापूर्वीच वाचावयास हवे.

अंदाज चुकतो तेव्हा

विद्यापीठाच्या बर्कली येथील क्रीडांगणाच्या नूतनीकरणाने याचा प्रत्यय आणून दिला. भूकंपाच्या दृष्टीने असुरक्षित ठरलेले हे जुने क्रीडांगण सुधारून २०१२ मध्ये पुन्हा खुले करण्यात आले. त्यासाठी आणि लगतच्या क्रीडाकेंद्रासाठी चाळीस कोटी डॉलरांहून अधिक कर्ज काढले गेले. उत्तम आसनांचे हक्क दीर्घ मुदतीसाठी विकून ते फेडता येईल, असा अंदाज होता. प्रारंभीची अनेक वर्षे केवळ व्याज भरावयाचे होते. परंतु आसनहक्कांची विक्री अपेक्षेप्रमाणे झाली नाही. क्रीडा विभागाची तूट वाढत गेली आणि २०१८ मध्ये या कर्जाचा मोठा भाग विद्यापीठाच्या मुख्य हिशेबात घेण्याचा निर्णय तेथील कुलगुरूंना जाहीर करावा लागला. जे कर्ज खेळाच्या प्रेक्षकांनी फेडावयाचे होते ते अखेर शिक्षणसंस्थेच्या अंगावर आले.

कर्जाच्या मुदतीबाबतही याच काळात नवे पायंडे पडले. ऑक्टोबर २०११ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठाने ५० कोटी डॉलरांचे रोखे शंभर वर्षांच्या मुदतीने, ४.८ टक्के व्याजावर काढले. २०१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने ८६ कोटी डॉलरांचे शतवार्षिक रोखे ४.८५८ टक्क्यांनी विकले. या रोख्यांचे मुद्दल २११२ मध्ये द्यावयाचे आहे. कमी व्याजाच्या काळात दीर्घ मुदतीचे कर्ज घेण्यात आर्थिक तर्क आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही ज्यांचे पणजोबा आज शाळेत आहेत असे विद्यार्थी ते फेडणार आहेत, ही गोष्ट विसरता येत नाही.

भारतातील वाटचाल

भारतात उत्पन्नाच्या आधारे सार्वजनिक कामांसाठी पैसा उभारण्याचे प्रयोग प्रथम नागरी सुविधांच्या क्षेत्रात झाले. अहमदाबाद महानगरपालिकेने १९९८ मध्ये राज्य शासनाच्या हमीशिवाय शंभर कोटी रुपयांचे रोखे काढले. पुणे महानगरपालिकेने जून २०१७ मध्ये पाणीपुरवठा योजनेसाठी दोनशे कोटी रुपयांचे दहा वर्षे मुदतीचे रोखे ७.५९ टक्के व्याजाने विकले. याउलट १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाच्या रोख्यांना राज्य शासनाची हमी होती. हमी असली की गुंतवणूकदार निर्धास्त होतो. परंतु उत्पन्न कमी पडल्यास भार राज्याच्या अर्थसंकल्पावर येतो. तेव्हा रोख्यांचे नाव काहीही असो, हमी कोणाची हे प्रथम पाहावयास हवे.

उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात केंद्र शासन आणि कॅनरा बँक यांनी मिळून मे २०१७ मध्ये उच्च शिक्षण वित्तपुरवठा संस्था स्थापन केली. ‘हेफा’ या नावाने ती परिचित आहे. बाजारातून पैसा उभारून तो शिक्षणसंस्थांना दहा वर्षांच्या मुदतीने द्यावयाचा, संस्थांनी शुल्क, संशोधन इत्यादींपासून होणाऱ्या स्वतःच्या उत्पन्नातून मुद्दल फेडावयाचे आणि व्याजाचा भार केंद्राने उचलावयाचा, अशी प्रारंभीची रचना होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये पहिल्या सहा संस्थांना सुमारे २,०६७ कोटी रुपये मंजूर झाले. त्यांत मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था होती. त्यासाठी संस्थेने आपल्या उत्पन्नातील ठराविक रक्कम स्वतंत्र खात्यात वळती करावयाची होती. महसुली रोख्यांमागील तत्त्वच येथे वेगळ्या स्वरूपात दिसते.

तथापि सर्व संस्था सारख्या नसतात. जुलै २०१८ मध्ये या योजनेत बदल करताना हा भेद मान्य करण्यात आला. दहा वर्षांहून जुन्या तंत्रशिक्षण संस्थांनी संपूर्ण मुद्दल, २००८ ते २०१४ या काळात सुरू झालेल्या तंत्रशिक्षण संस्थांनी २५ टक्के, तर २०१४ पूर्वीच्या केंद्रीय विद्यापीठांनी १० टक्के मुद्दल स्वतःच्या उत्पन्नातून फेडावे, असे ठरले. अगदी नव्या संस्थांच्या बाबतीत सर्व भार अनुदानातून भागविण्याची तरतूद होती. कर्ज फेडण्याची कुवत ही शिक्षणाच्या गरजेप्रमाणे वाटली गेलेली नसते, हे वास्तव या वर्गवारीत प्रतिबिंबित झाले.

राज्यातील विद्यापीठांच्या बाबतीत हे वास्तव अधिक ठळक आहे. ज्या विद्यापीठांना शेकडो महाविद्यालये संलग्न आहेत त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नात परीक्षा शुल्काचा वाटा मोठा असतो. असे उत्पन्न उद्या तारण ठेवले गेले तर विद्यापीठाच्या परिसरात उभ्या राहणाऱ्या इमारतीचा हप्ता तालुक्याच्या गावी शिकणारी विद्यार्थिनी आपल्या परीक्षा शुल्कातून भरीत राहील. ती इमारत कदाचित तिने कधी पाहिलेलीही नसेल. वसतिगृहाच्या भाड्यातील न्याय येथे उरत नाही.

विचारावयाचे प्रश्न

कर्ज काढून बांधकाम करण्याचा प्रस्ताव अधिसभेपुढे, व्यवस्थापन परिषदेपुढे किंवा शासनाकडे येईल तेव्हा पुढील प्रश्नांची लेखी उत्तरे मागणे हिताचे ठरेल:

१. ही इमारत स्वतः उत्पन्न देणारी आहे काय? नसल्यास हप्ता कोणत्या उत्पन्नातून आणि कोणाकडून जमा होणार?

२. उत्पन्नाचा अंदाज कोणी केला? खोल्या एक पंचमांश रिकाम्या राहिल्या किंवा व्याज वाढले तर काय होईल, याचा हिशेब केला आहे काय?

३. तारण केवळ या इमारतीच्या उत्पन्नाचे आहे की संपूर्ण विद्यापीठाच्या शुल्काचे? शासनाची हमी आहे काय?

४. शुल्क वाढविण्याचे बंधन करारात आहे काय? असल्यास ज्या विद्यार्थ्यांना ते झेपणार नाही त्यांच्यासाठी कोणती सवलत ठेवली आहे?

५. कर्जाची मुदत इमारतीच्या उपयुक्त आयुष्यापेक्षा कमी आहे काय? मुद्दलाची फेड पहिल्यापासून होणार की पुढे ढकलली जाणार?

६. दुरुस्ती व देखभाल यांसाठी आणि कर्जनिवारणासाठी वेगळा निधी ठेवला आहे काय?

७. दरवर्षीचा हिशेब विद्यार्थी, शिक्षक आणि जनता यांच्यापुढे मांडला जाणार आहे काय?

हे प्रश्न केवळ विद्यापीठांपुरते नाहीत. जिल्हा ग्रामविकास निधीतून कर्ज घेऊन बाजारगाळे बांधणाऱ्या ग्रामपंचायतीलाही तेच लागू पडतात. गाळे चौकात, रहदारीच्या जागी असतील तर भाड्यातून हप्ता फिटतो आणि पंचायतीला कायमचे उत्पन्न लाभते. गावाबाहेर बांधलेले गाळे ओस पडले तर हप्ता घरपट्टीतून भरावा लागतो. गाळ्यासाठी घेतलेले कर्ज सभामंडपासाठी त्याच अटींवर घेता येत नाही, ही गोष्ट ग्रामपंचायतीच्या सदस्याला सांगावी लागत नाही. विद्यापीठाचा व्यवहार कोट्यवधींचा असला तरी त्याचे गणित हेच आहे.

उपसंहार

महसुली रोखे हे साधन आहे; ते चांगलेही नव्हे आणि वाईटही नव्हे. वसतिगृहाची वाट पाहत भाड्याच्या खोलीत दिवस काढणाऱ्या विद्यार्थ्यांना अनुदानाच्या प्रतीक्षेत आणखी दहा वर्षे ठेवण्यापेक्षा योग्य हिशेबाने कर्ज काढून वसतिगृह बांधणे केव्हाही श्रेयस्कर आहे. ऋण काढून सण करू नये, अशी आपल्याकडील शिकवण आहे. परंतु ऋण काढून विहीर खणण्यास कोणी मना केलेले नाही. मात्र विहिरीला पाणी लागेल की नाही, याची पारख खणण्यापूर्वी करावी लागते.

ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि वर्ग यांची गोष्ट निराळी आहे. त्यांपासून मिळणारा लाभ एका विद्यार्थ्यापुरता राहत नाही; तो शिक्षकाच्या, डॉक्टरच्या, शेतीतज्ज्ञाच्या रूपाने साऱ्या समाजाला पोहोचतो. ज्याचा लाभ सर्वांना, त्याचा भारही सर्वांनी उचलावा, हे सार्वजनिक वित्तव्यवहाराचे मूलभूत तत्त्व आहे. अशा वास्तूंचा खर्च शासनाच्या अनुदानातून आणि समाजाच्या देणगीतून भागला पाहिजे. तो विद्यार्थ्याच्या शुल्कावर टाकला गेला तर कर्जाच्या कागदावर सही विद्यापीठाची असेल; परंतु खरा ऋणको तो विद्यार्थी असेल आणि त्याची संमती कोणीही घेतलेली नसेल.